नवसागर ओळखला तेव्हा

मी लेखक नाही. रसायनशास्त्रातही फार पुढे गेलो नाही. इंटर सायन्सच्या एका प्रॅक्टिकलबद्दल कुणी वाचावं असं लिहिण्याची माझी योग्यता नाही, हे मला ठाऊक आहे. शिकलेल्या घरातल्या वाचकांना ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. त्यांनी मला क्षमा करावी. मला ती अजून क्षुल्लक वाटत नाही, म्हणून लिहितो.

माझे अब्बा बाभुळगावात भांड्यांना कल्हई करायचे. घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा झालं नव्हतं. यवतमाळला कॉलेजचा फॉर्म भरताना 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यापाशी मी अडलो. शेजारच्या मुलाच्या फॉर्मात मी चोरून पाहिलं, तिथे 'वकिली' होतं. मी 'व्यापार' लिहिलं. अब्बांनी खाली उर्दूत सही केली; वर काय लिहिलंय ते विचारलं नाही. दोन वर्षं त्या शब्दाची धास्ती मी बाळगली. खोटा फॉर्म भरला म्हणून केव्हातरी नाव काढून टाकतील, असं वाटायचं.

परीक्षेत प्रत्येकाला कागदाच्या पुडीत एक पांढरा क्षार मिळाला. तो ओळखायचा. आधी कोरड्या परीक्षा, मग द्रावणाच्या, आणि प्रत्येक पायरी वहीत मांडायची. वेळ तीन तासांचा. मी चिमूटभर क्षार परीक्षानळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरला. तो वितळला नाही. पांढरा दाट धूर निघाला आणि नळीच्या वरच्या गार भागात पांढरं कडं बसलं. नाकात तो वास गेला आणि मी एकदम आमच्या भट्टीपाशी जाऊन पोचलो. नवसागर! तापलेल्या पातेल्यात अब्बा हीच पूड टाकत, कथिलाची कांडी फिरवत आणि कापसाच्या बोळ्यानं ते चकाकतं कथील सगळीकडे पसरवत. सुट्टीत भाता मीच मारायचो. हा धूर ओळखायला मला पुस्तक लागत नव्हतं.

चूक पुढे झाली. मी वहीत शेवटचं उत्तर आधी लिहून टाकलं, 'अमोनियम क्लोराइड', आणि पायऱ्यांच्या जागा कोऱ्या ठेवल्या. सावकाश भरू, असं मनात होतं.

बाहेरगावचे परीक्षक नेमके तेव्हाच माझ्या टेबलापाशी थांबले.

"दहा मिनिटांत? बाकीचे अजून दिवे पेटवतायत."

"याच्या सपनात आलं असन, सर," मागून कुणीतरी म्हणालं. मुलं हसली.

परीक्षक हसले नाहीत. "पुड्या कोणी बांधल्या?"

प्रयोगशाळेतला म्हातारा शिपाई पुढे आला. "म्या बांधल्या, साहेब. सरांनी बाटल्या देल्ल्या, म्या बांधल्या."

"याला आतलं नाव तू सांगितलंस?"

"मले काय समजते त्यातलं, साहेब? म्या त नळ्या धुतो. अन् हे पोरगं कोनाशी बोलते तरी का?"

"मग याला कळलं कसं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. खरं कारण मला माहीत होतं; ते एका वाक्याचं होतं. पण ते सांगितलं की फॉर्मातला 'व्यापार' उघडा पडणार. नाही सांगितलं तर मी कॉपी करणारा, आणि तो म्हातारा फितूर. तो हातातल्या फडक्यानं टेबलाची एकच जागा पुसत राहिला. ती जागा आधीच स्वच्छ होती. मला ते बघवेना.

"सर, माझे वडील कल्हई करतात," मी म्हणालो. "हा धूर मी लहानपणापासून पाहतो."

कुणी हसलं नाही. परीक्षकांनी चष्मा काढला. "कापूरही असाच उडतो. मग हा वेगळा कसा?"

"कापूर उडतो तेव्हाही कापूरच राहतो, सर. तापल्यावर याचा मात्र बंध सुटतो. अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड, असे दोन वायू होतात. वर गार जागा मिळाली की ते परत जोडले जातात आणि पुन्हा नवसागर होतो. आमच्या भट्टीवरच्या पत्र्याला आतून अशी पूड धरते. अब्बा ती खरवडून परत वापरतात."

"हे पुस्तकात आहे?"

"वायूंचं आहे, सर. पत्र्याचं नाही."

"उरलेल्या परीक्षा करून दाखव," ते म्हणाले. "आणि हे मला विद्यापीठाला कळवावं लागेल. तुझं आणि या शिपायाचंही."

घाईत माझ्या हातून एक नळी फुटली. सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर दह्यासारखा पांढरा साका आला, पण पुढच्या पायऱ्या अर्ध्याच राहिल्या आणि घंटा झाली.

निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रात माझा नंबर पास झालेल्यांत नव्हता. तो खाली, निकाल राखून ठेवलेल्यांत होता. मी अब्बांना सगळं सांगितलं, फॉर्मातल्या शब्दासकट. ते निखारे सारखे करत राहिले. मग म्हणाले, "व्यापार लिखा? अपने धंदे का नाम इतना बुरा था क्या?" मी भाता मारत राहिलो. रोज तोच धूर वर जायचा आणि पत्र्याला चिकटायचा. मी त्याच्याकडे बघायचो आणि पोस्टमनची वाट पाहायचो.

पोस्टमन आलाच नाही. तीन आठवड्यांनी एका दुपारी एसटीतून उतरून प्रयोगशाळेतला तो म्हातारा शिपाई आमच्या दारात उभा राहिला. खांद्यावर पोतं, त्यात पितळेची भांडी.

"हाच का रे तुया बापाचा धंदा?" पोतं खाली ठेवत तो म्हणाला. "म्हनलं, एवढ्यासाठी माही नोकरी जाऊन राह्यलती, त कल्हई कशी करते थे पाहून त घेऊ."

त्यानं एकेक भांडं काढून ओळीत मांडलं, एका मोठ्या पातेल्याला आलेला पोचा दाखवला, पाणी मागितलं.

"भाई," अब्बा म्हणाले, "पहले लडके का बोलो. बर्तन बाद में."

म्हाताऱ्यानं पाणी पिऊन तोंड पुसलं.

"काल कॉलेजातल्या बोर्डावर कागद लागला. त्या साहेबानं लिहून देल्लं म्हने, पोरगं खरं बोलते. माही चौकशी मिटली. अन् तू प्रॅक्टिकलात काठावर हायेस, लेका, पन पास हायेस."