चित्राचं परदेशातलं नाव

सरांच्या गंगापूर रोडवरच्या घरासमोर टेम्पो येऊन थांबला होता. आत दिवाणखान्यात त्यांचं सगळ्यांत मोठं जलरंगातलं चित्र भिंतीवरून उतरवून सोफ्याला टेकवून ठेवलं होतं. गोदावरीच्या घाटाचं चित्र. युरोपातल्या एका संग्रहालयात आपल्या देशातल्या नामवंत चित्रकारांचं प्रदर्शन भरणार होतं आणि नाशिकमधून एकट्या सरांची निवड झाली होती. सरांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, तिकडे प्रदर्शन मांडणाऱ्या क्युरेटरबाईंना मराठी येत नव्हतं, म्हणून मधे दुभाषी म्हणून मी होते.

दिल्लीच्या ज्या सरकारी कार्यालयाने मला हे काम दिलं होतं, तिथून आलेले एक अधिकारी सारखे घड्याळ बघत होते. चित्र संध्याकाळच्या आत मुंबईला निघायला हवं होतं. त्यांनी प्रदर्शनाचं नुकतंच छापून आलेलं पुस्तक सरांच्या हातात दिलं. सरांनी आपल्या चित्राचं पान उघडलं, गुळगुळीत कागदावरून बोट फिरवलं आणि पुस्तक माझ्याकडे दिलं.

"वाच गं. मला बारीक अक्षर दिसत नाही आता. काय म्हणतायत ते कळू दे."

मी मनातल्या मनात पहिली ओळ वाचली आणि थबकले. चित्राचं नाव बदललेलं होतं. सरांनी दिलेलं नाव होतं 'पूर'. पुस्तकात ते 'पवित्र स्नान' झालं होतं. खाली लिहिलं होतं की पर्वणीच्या दिवशी भाविक नदीत उतरले आहेत आणि मधली स्त्री डोक्यावर नैवेद्य घेऊन निघाली आहे.

अधिकाऱ्यांनी माझा चेहरा पाहिला असावा. ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, थोड़ा आगे का पढ़िए ना. तारीफ आगे है."

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. ती ओळ गाळणं अगदी सोपं होतं. कुणालाच कळलं नसतं. मग मी पहिल्या ओळीपासून सगळं मराठीत सांगितलं.

सर काठी टेकत उठले आणि चित्राजवळ जाऊन उभे राहिले.

"ही माझी आई आहे," ते म्हणाले. "आणि तिच्या डोक्यावर शिलाई मशीन आहे. पाणी घरात शिरलं तेव्हा तिने दुसरं काही उचललं नाही. बाकीचेही सामान काढतायत. त्या पाण्यात कुणी आंघोळ करत नव्हतं."

मी ते चित्र कितीदा पाहिलं होतं. मलाही तो आकार टोपलीचाच वाटत आला होता.

"सर, बाहर के लोगों को कुंभ समझ में आता है," अधिकारी समजावणीच्या सुरात म्हणाले. "बाढ़ यानी फिर वही गरीबी. देश की इमेज का सवाल है."

"मग देशाचं दुसरं चित्र न्या," सर म्हणाले. "हे राहू द्या."

टेम्पोबरोबर आलेली पॅकिंगची माणसं दारातच थांबली. अधिकारी माझ्याकडे वळले. तुम्ही समजवा, असं त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं, आणि तुमच्या पुढच्या कामांचं काय ते बघू, असंही जोडलं. मी क्युरेटरबाईंना व्हिडिओ कॉल लावला आणि सर जे बोलले ते एक शब्द न वगळता सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला दाखवता का?"

मी फोन चित्राजवळ नेला. सरांनी बोटाने मशीनचं चाक दाखवलं, मग मशीनचा वाकलेला दांडा. शेवटी आईच्या मानेवरचा ताण.

बाईंनी माफी मागितली. भिंतीवरची पाटी बदलता येईल, पण पुस्तकं छापून झाली आहेत, असं म्हणाल्या. मी सरांना सांगितलं. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. टेम्पोवाल्याने एकदा हॉर्न वाजवला.

शेवटी काकूच बोलल्या. "पुस्तकात खऱ्या नावाची चिठ्ठी चिकटवतील का, विचार. प्रत्येक पुस्तकात."

मी विचारलं. बाईंनाही वर कुणाला तरी विचारायचं होतं. आम्ही वाट बघत बसलो. चहा तसाच निवला. अधिकारी अंगणात जाऊन फोनवर चढ्या आवाजात बोलत होते. बाईंचा फोन आला तेव्हा सरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी नुसती होकारार्थी मान हलवली.

"बांधा," ते पॅकिंगवाल्यांना म्हणाले.

त्या कार्यालयाकडून मला पुन्हा काम आलं नाही. वाईट वाटलं, पण फार दिवस नाही.

प्रदर्शन सुरू झाल्यावर क्युरेटरबाईंनी एक फोटो पाठवला. चित्रासमोर तिकडची काही माणसं उभी होती आणि बाजूच्या पाटीवर सरांनी दिलेलं नाव होतं. मी फोटो मोठा छापून सरांकडे नेला. त्यांनी तो उजेडाकडे धरून निरखला.

"थोडं वर लावलंय," ते म्हणाले. "आईचा चेहरा बघायला लोकांना मान वर करावी लागत असेल."

मग म्हणाले, "असू दे."

काकूंनी फोटो त्यांच्या हातातून घेतला आणि चित्र गेल्यापासून रिकाम्या असलेल्या भिंतीवर तो कुठे लावायचा ते बघू लागल्या.