सहावं मत

माझ्या बायकोच्या मामांइतका वेळेचा पक्का माणूस इतक्या निवांत शहरात येऊन कायमचा राहिला, असं दुसरं उदाहरण भूतलावर सापडायचं नाही. मामा मूळचे सातारा जिल्ह्यातले. तीस वर्षं फौजेत काढून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हा शेवटची नेमणूक लखनौला होती. गावाकडे भावांनी आधीच घर वाटून घेतलं होतं, म्हणून त्यांनी तेलीबागेत एक दुमजली घर बांधलं आणि त्या घरातून साऱ्या लखनौला शिस्त लावण्याचं काम हाती घेतलं. नव्वदच्या सुमारास मला इथल्या एका संशोधन संस्थेत नोकरी लागली आणि मी निशातगंजला खोली बघू लागलो. मामा तडक तिथे आले, घरमालकाच्या देखत माझी ट्रंक उचलली आणि म्हणाले, "भाची याच शहरात भाड्यानं राहिली तर लोक म्हणतील, हिचा मामा वारला." त्यानंतर सात वर्षं आम्ही नवराबायको त्यांच्या वरच्या मजल्यावर राहिलो आणि रोज पहाटे पाचला त्यांच्या शिट्टीनं उठलो.

मामा कुठेही ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोहोचत. हे वाचताना किरकोळ वाटेल, पण लखनौत पत्रिकेवर संध्याकाळी आठ छापलं की पाहुणे दहाला येतात आणि नवरदेव अकराला. शेजारच्या गल्लीतल्या एका लग्नाला मामा पावणेआठला गेले. तिथे सतरंज्यासुद्धा उलगडायच्या होत्या. रिकामं उभं राहणं त्यांच्या प्रकृतीत नव्हतं, तेव्हा त्यांनी तंबूवाल्याच्या माणसांना हुकूम द्यायला सुरुवात केली आणि खुर्च्या एका दोरीत लावून घेतल्या. मुलीच्या वडिलांचा समज झाला की हा तंबूवाल्यांचा मुकादम. ते येऊन म्हणाले, "भाई साहब, कुर्सियाँ थोड़ी कम पड़ेंगी, और मँगवा लीजिए." मामांनी मागवली. साडेदहाला ओळख पटल्यावर त्या गृहस्थांनी हात जोडून माफी मागितली, तेव्हा मामा एवढंच म्हणाले, "कोई बात नहीं, काम अच्छा हुआ है." आहेर देऊन ते न जेवता परत आले, कारण त्यांची जेवणाची वेळ आठची होती.

घरात मराठीच बोलायची, हा त्यांचा दुसरा कायदा. गंमत म्हणजे हा कायदा घराबाहेरच्यांना जास्त लागू पडला. दारावर येणारा भाजीवाला धनिया म्हणाला की मामांना ऐकूच येत नसे. वर्षभरात तो बिचारा "कोथमीर, मेथी, कांदापात" असं ओरडत गल्लीत शिरू लागला, आणि गल्लीतल्या अवधी बायका त्याला विचारत, "भैया, ई कोथमीर का होत है?" याउलट घरातली मीनल, मामांची एकुलती एक नात, मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला हिंदीत उत्तर देई. तिचे वडील, म्हणजे मामांचा मुलगा, फौजेतच, कायम सीमेवर कुठेतरी. त्यामुळे ती आणि तिची आई इथेच राहत. "मीनल, जेवलीस का?" "हाँ आजोबा, खा लिया." मामा कपाळाला हात लावत. पण कायदा मोडण्यात ते स्वतःही मागे नव्हते. तीस वर्षं जवानांवर हिंदीत ओरडून त्यांना मराठीत रागावताच येईनासं झालं होतं. मामा हिंदीत बोलू लागले की घरात सगळे सावध होत.

आणि निवडणूक आली की मामांना नवं बळ चढे. त्या वर्षांत निवडणुका फार वेळा येत, सरकारं टिकतच नसत, त्यामुळे मामांची तब्येत उत्तम राहिली. "मत फुटलं की घर फुटलं," हे त्यांचं ब्रीदवाक्य. घरात पाच मतं: मामा, मामी, सूनबाई, माझी बायको आणि मी. पाचही मतं एकालाच जायची आणि तो कोण हे मामा ठरवायचे. गल्लीत निवृत्त फौजींची घरं पुष्कळ, तेही मामांचं ऐकत, म्हणून प्रत्येक उमेदवार आमच्या ओसरीवर हजेरी लावून जाई. मामा त्याला चहा पाजत आणि एकच प्रश्न विचारत, "सुबह कितने बजे उठते हैं?" जो सर्वांत आधी उठतो तो सर्वांत लायक, इतका हा सरळ हिशेब होता. एकाला हे आधीच कुणीतरी सांगितलं असावं. तो छाती काढून म्हणाला, "साढ़े तीन बजे." तो गेल्यावर मामा मला म्हणाले, "हा बाद. साडेतीनला फक्त चोर आणि पहारेकरी जागे असतात." मतदानाच्या आदल्या दिवशी ओसरीवर तालीम होई. मामा वर्तमानपत्राच्या कागदावर मतपत्रिका आखत, निळी शाई आणत आणि शिक्का मारून कागदाची उभी घडी कशी घालायची, म्हणजे शाई दुसऱ्याच्या चिन्हावर उमटत नाही, हे मामींकडून पाच-पाच वेळा करवून घेत. दुसऱ्या दिवशी आम्ही उंचीच्या क्रमानं केंद्रावर जायचो. परत आल्यावर ते एकेकाला विचारत, "दिलं?" आणि आम्ही एकेक जण म्हणायचो, "दिलं."

इथे मला कबुली दिली पाहिजे. मी कधीच दिलं नव्हतं. पाच वाजता उठणाऱ्या माणसांविषयी माझा पूर्वीपासूनच थोडा आकस होता, त्यामुळे पडद्याआड गेलो की माझ्या मनात येईल तिथे मी शिक्का मारायचो आणि बाहेर येऊन मान डोलवायचो. म्हाताऱ्याचं मन कशाला मोडा, असं मी स्वतःला सांगायचो. खरं तर मला भीती वाटायची.

मीनल अठरा वर्षांची झाली आणि तिचं नाव यादीत आलं, तेव्हा मामांना झालेला आनंद बघण्यासारखा होता. गल्लीभर बुंदीचे लाडू वाटले. "सहावं मत आलं," असं ते ज्याला त्याला सांगत होते. मीनल तेव्हा विद्यापीठात पहिल्या वर्षाला होती. संध्याकाळी चारबागेपर्यंत यायला वाहन मिळे, पण तिथून तेलीबागेकडे येणारे टेम्पो पाचनंतर जवळजवळ बंदच होत. एखादा आला तर त्यात माणसं लोंबकळत असायची. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी कधीकधी छावणीच्या रस्त्यानं अर्ध्या वाटेपर्यंत चालत येत. घरी ती याविषयी बोलत नसे. बोलली असती तर मामांनी तिला संध्याकाळचे तासच बंद करायला लावले असते.

त्या खेपेला एक मोठा उमेदवार ओसरीवर आला. पाचला उठतो म्हणाला, पाठही ताठ होती. मामा प्रसन्न झाले. चहा घेऊन मीनल बाहेर आली आणि कप ठेवून तिथेच उभी राहिली. म्हणाली, "अंकल, शाम को पाँच के बाद चारबाग से इधर टेम्पो नहीं मिलता. हम लोग पैदल आते हैं. आप कुछ करेंगे?"

त्या गृहस्थांनी तिच्याकडे पाहिलं आणि मामांकडे वळून हसत म्हणाले, "बिटिया बड़ी होशियार है, सूबेदार साहब. इसकी शादी कब कर रहे हैं?"

बरोबरची माणसं हसली. मामाही हसले. मीनल रिकामा ट्रे घेऊन आत गेली.

मतदानाच्या दिवशी आम्ही सहा जण रांगेत जाऊन आलो. ओसरीवर मामा खुर्चीत बसले आणि नव्या मतदारापासून सुरुवात केली. "मीनल, दिलं?"

"दिया, आजोबा. पर किसको दिया, वो नहीं बताऊँगी."

मामांना आधी वाटलं, पोरगी थट्टा करतेय. "म्हणजे?"

"वोट गुप्त होता है. सातवीं में आपने ही तो पढ़ाया था."

हे खरं होतं. नागरिकशास्त्र त्यांनीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं. मामांचा चेहरा लाल झाला आणि ते हिंदीत गेले. "इस घर का वोट एक है, समझी?"

मीनल घाबरली होती, तिची बोटं ओढणीच्या टोकाशी चाळा करत होती. पण ती हलली नाही. म्हणाली, "मैंने उनसे टेम्पो का पूछा था. उन्होंने मेरी शादी का पूछा. और आप हँस दिए."

तिला आमच्यासारखं मान डोलवून मोकळं होता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं, आणि तो शब्द मी गेली कित्येक वर्षं बिनदिक्कत वापरत आलो होतो. मामांनी आधारासाठी माझ्याकडे पाहिलं. "जावईबापू, तुम्ही सांगा हिला. तुम्ही कुणाला दिलंत?"

त्या पोरीच्या देखत मला खोटं बोलवेना. मी म्हटलं, "मामा, मीही नाही सांगणार." माझी बायको माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी पण नाही, मामा." सूनबाईंनी नुसती मान खाली घातली, पण ती नेहमीची होकाराची मान नव्हती. मामांनी मग शेवटची आशा म्हणून मामींकडे पाहिलं. मामी उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी वर न बघताच सांगितलं, "मी सांगते की. मला काय चोरी आहे? गेल्या तीन वेळा मी तुमच्या माणसाला दिलेलं नाही. पाचला उठतो म्हणे. उठून बायकोला चहा टाकायला लावत असणार, आणखी काय करणार?"

मामा उठून आत गेले. पुढचे आठ दिवस ते घरात हिंदीतच बोलले, तेही दोन-दोन शब्द. "पानी." "दाल और." पहाटेची शिट्टी बंद झाली. गंमत अशी, की शिट्टी नसूनही आम्ही सगळे पाचला जागे होत होतो आणि अंथरुणात पडून खाली काही हालचाल ऐकू येते का, याचा कानोसा घेत होतो. मीनल दोनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आली.

नवव्या दिवशी संध्याकाळी मामा कुठे दिसेनात. सात वाजता आले, मफलर गुंडाळलेला, हातात वही. माझ्यासमोर वही उघडून धरली. सुवाच्य मराठीत लिहिलं होतं: "चारबाग. पाच ते साडेसहा. तेलीबागेचे टेम्पो दोन. पहिल्यात माणसं अकरा, दुसरा थांबला नाही. मुली सात. त्यातल्या चार पायी निघाल्या." असं त्यांनी लागोपाठ चार दिवस केलं. पाचव्या दिवशी टेम्पोवाल्यांच्या म्होरक्याला गाठलं. तो तंबाखू मळत म्हणाला, "दादा, शाम को उधर सवारी नहीं है." मामांनी वही उघडून त्याला सवारी दाखवली, दिवसवार. मग चारही दिवसांच्या मुलींचा आकडा वाचून दाखवला आणि विचारलं, "आपकी बेटी है?" त्याला दोन होत्या. पुढच्या आठवड्यापासून साडेपाचचा आणि सहाचा असे दोन टेम्पो पक्के झाले. पुढच्या बाकावर मुलींनी बसायचं ठरलं. पहिला महिनाभर मामा स्वतः चारबागेला उभे राहून ते वेळेवर सोडत. निघताना टेम्पोवाले त्यांना सलाम ठोकायचे. लखनौत वेळेवर सुटणारी वाहनं मी तेवढीच पाहिली.

मीनलशी ते याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. पहिल्या दिवशी ती सहाच्या टेम्पोत चढली तेव्हा ते रस्त्याच्या कडेला घड्याळ बघत उभे होते. तिनं सरकून जागा केली आणि म्हणाली, "आजोबा, बसा ना." मराठीत. मामा बसले आणि म्हणाले, "थोड़ा उधर सरको."

पुढच्या निवडणुकीपासून मामांनी गुप्ततेचा कायदा आधीच्या एका मताच्या कायद्याइतक्याच कडकपणे राबवायला घेतला. कुणी चुकून चिन्हाचं नाव काढलं तरी ते कानावर हात ठेवून ओसरीतून उठून जात. मामींना सवय नव्हती, त्या सगळं सांगून टाकायच्या, तेव्हा मामा त्यांना दटावत, "अहो, गुप्त ठेवा, गुप्त." मात्र उमेदवार आले की आता मीनल आणि तिच्या मैत्रिणी ओसरीवर बसत आणि मामा चहा घेऊन येत. एकदा एका उमेदवारानं उत्तराऐवजी मामांकडे बघून हसायला सुरुवात केली. मामा म्हणाले, "उधर देखिए. सवाल उसने पूछा है."

नंतर मीनल पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. दशक संपायच्या सुमाराची एक निवडणूक मला आठवते. माझी तोवर बदली झाली होती, पण दोन दिवसांसाठी आलो होतो. मामांचे गुडघे गेले होते. मी त्यांना सायकलरिक्षानं केंद्रावर नेलं. ते आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मागच्या रांगेतले लोक कुरकुरायला लागले. अखेर भिंतीला धरत धरत ते बाहेर आले.

"फार वेळ लावला का हो मी?" त्यांनी विचारलं.

"नाही मामा. बरं वाटतंय ना?"

"बरं आहे. शिक्का हातात धरून नुसता उभाच राहिलो. ठरेना." रिक्षात बसल्यावर त्यांनी धोतराचा सोगा सावरला आणि थोड्या वेळानं म्हणाले, "पोरगी इथे असती तर बरं झालं असतं."

मी म्हटलं, "तिनं काही तुम्हाला सांगितलं नसतं, मामा."

"छे, सांगायची कसली," मामा म्हणाले. "पण प्रश्न तरी विचारले असते."

रिक्षावाला चढाला उतरून रिक्षा ओढू लागला. मामा शाई लागलेलं बोट उन्हात धरून ती वाळायची वाट बघत बसले.