फिरून येणारे आकडे

ऐंशीच्या दशकात काही वर्षं मी प्रोटॉनचं वजन काढत होतो. मुलुंडच्या आमच्या चाळीत शेजारच्या काकूंनी विचारलं, ते तर पुस्तकात दिलेलं असतं ना? असतं, पण ते प्रयोगाने मोजलेलं. प्रोटॉनच्या आतले क्वार्क एकमेकांना कसे धरून ठेवतात, त्या नियमांवरून तेच वजन निघतं का, हे आम्हाला बघायचं होतं. कागदावर ते गणित सुटत नाही. म्हणून अवकाश आणि काळ यांची जाळी करायची, तिच्या प्रत्येक दोरीवर आकडे ठेवायचे, आणि सोडतीसारखे कसेही येणारे नंबर वापरून कॉम्प्युटरला ते बदलायला लावायचे. असे पुष्कळ नमुने जमले की सरासरी काढायची.

गिरणी बंद पडल्यापासून बाबा घरीच खाटेवर बसून असायचे. घर माझ्या शिष्यवृत्तीवर चालायचं आणि ती मे महिन्यात संपणार होती. त्याआधी प्रबंध झाला तरच नोकरीची आशा. आमच्या संशोधन संस्थेच्या कॉम्प्युटरवर मला मिळालेला सगळा वेळ मी वापरला आणि उत्तर झकास आलं. वजन पुस्तकातल्या आकड्याच्या जवळ, अनिश्चितता अगदी नगण्य. मी घरी सांगून टाकलं. आईने देवापुढे साखर ठेवली.

माझ्या सरांना मात्र ती नगण्य अनिश्चितताच खटकली. एवढ्या लहान जाळीवर एवढं नेमकं उत्तर येतंच कसं, असं म्हणून त्यांनी नुसते सोडतीचे नंबर छापायला सांगितले. ते देणारा प्रोग्रॅम मशीनबरोबरच आला होता, सगळेच तो वापरायचे. छापलेला कागद जमिनीवर उलगडत गेलो, तर एका जागी पहिलाच नंबर पुन्हा आला, मग दुसरा, मग तिसरा. तीच रांग फिरून फिरून येत होती. माझे नमुने वेगवेगळे नव्हतेच. एकाच साक्षीदाराला पुन्हा पुन्हा उभं करावं आणि सगळ्यांची साक्ष जुळते म्हणून खूश व्हावं, तसं झालं होतं. पुरती वाट लागली होती.

प्रोग्रॅम मी त्याच आठवड्यात दुरुस्त केला. पण मशीनवरचा वेळ आता दुसऱ्या गटाचा होता. सरांनी शब्द टाकला, मीही त्या गटाच्या प्रमुखांच्या दारात उभा राहिलो. त्यांच्याही हाताखालच्या पोरांच्या शिष्यवृत्त्या संपत होत्या. पावसाळ्यानंतर बघू, एवढंच उत्तर मिळालं. राग कुणावर काढायचा तेही कळेना.

घरी बाबांनी विचारलं तेव्हा सांगून टाकलं की चूक सापडली, सुधारलीही, फक्त चालवायला मशीन नाही. क्वार्कबद्दल त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं. हे मात्र त्यांना लगेच कळलं.

“मशीनच गावना नाय, तर तू तरी काय करतलंस?” असं म्हणून त्यांनी खाटेवर सरकून मला शेजारी जागा करून दिली.

मी बसलो. मला ती जागा नको होती.