मुशीच्या बदल्यात डबा

लेकीचं वजन उतरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, अंगावर पाजायचंच, पण वजन भरेपर्यंत वरून पावडरचं दूधही द्यायचं. पुढच्या आठवड्यात परत काट्यावर ठेवू. नाही वाढलं तर ॲडमिट करावं लागेल.

मी डबा घेऊनच सानपाड्याला घरी आले. सासूबाईंनी तो पाहिला आणि पदर खोचला. जन्मभर मासळी विकलेली बाई. बाजारात त्यांच्यापुढे बोलायची गिऱ्हाइकाची टाप नाही, तिथं बाळंतिणीची काय कथा!

“आमचे घरान कोनी डब्याचा दूध पिला नाय. तू मुशी खा. धारा लागतीन.”

मुशी म्हणजे शार्कचं पिल्लू. दूध यावं म्हणून इथले कोळी बाळंतिणीला त्याचा रस्सा देतात. आणि मी साताऱ्याकडच्या माळकरी घरातली. लग्न झाल्यापासून माझी भाजीची कढईसुद्धा वेगळी.

खरं सांगते, मला भयंकर चीड आली होती. बघायला येणारी प्रत्येक बाई बाळाआधी माझ्या छातीकडे बघायची. “दूध पुरता हाय ना गो?” जणू मी मुद्दाम लपवूनच ठेवलंय! इकडे पोर ओढून ओढून दमायची, रडायची, तशीच झोपून जायची. मला ती जगायला हवी होती. बाकी सगळं गेलं चुलीत.

“आई, सौदा करू,” मी म्हटलं. “मुशी मी खाते, रोज खाते. पण डब्याचं दूध तिला तुम्ही पाजायचं, स्वतःच्या हातानं. कबूल असेल तर टाका रस्सा.”

त्यांनी डबा उचलून उलटासुलटा करून पाहिला. मग गॅस पेटवला.

मुशीचा तो वास, आई गं! नाक दाबून पहिला घास गिळला. समोर सासूबाई नातीला मांडीवर घेऊन वाटी-चमच्यानं दूध पाजत होत्या, आणि तोंड असं, की कुणी त्यांना शिळी मासळी विकायला बसवलंय. आठवडाभर हेच. आधी मी अंगावर घ्यायचे, मग त्यांचा चमचा, मग माझं ताट. एकदाही चुकवलं नाही, मी नाही आणि त्यांनीही नाही.

काट्यावर वजन वाढलेलं दिसलं तेव्हा मी दवाखान्यातच ढसाढसा रडले.

परतताना रिक्षात मी चिडवलं, “मुशीचा गुण हो आई!”

त्या हसल्या नाहीत. नातीच्या गालावरून बोट फिरवत राहिल्या.

“माजी पयली पोर बारशाआधीच गेली,” त्या म्हणाल्या. “अंगाव दूधच नवता. लाजंपायी कोनाला बोलली नाय मी.”

मी त्यांचा हात धरला.

थोड्या वेळानं त्यांनी तो सोडवून घेतला आणि रिक्षावाल्याच्या पाठीवर थाप मारली. “मेडिकलपाशी थांबव रं. डबा संपत आलाय.”