न पाहिलेल्या खरमोराचा नकाशा

डॉ. नलिनी मुळ्ये यांची आणि माझी पहिली भेट एका बंद पडलेल्या मिलच्या फाटकात झाली. मी बातमीसाठी गेलो होतो. त्या एका पक्ष्याचा नकाशा आखण्यासाठी बारीक चौकोनांचा कागद न्यायला आल्या होत्या. साड्यांच्या किनारी ज्यावर आखत, ते गठ्ठे भंगारात निघाले होते. नक्षी आखणारे दत्तूभिया नोकरी गमावून तिथेच बसले होते.

"मॅडम, यावर किनार निघते, चिड़िया थोडीच!"

"मग या आणि काढून दाखवा," नलिनीताई म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून दत्तूभिया त्यांच्या अन्नपूर्णा भागातल्या घरी येऊ लागले.

खरमोर हा पावसाळ्यात माळव्याच्या गवतात अंडी घालणारा पक्षी. त्याला किती पाऊस, कसली माती, केवढे गवत आणि वस्तीपासून किती अंतर लागते, हे चौकोनाचौकोनाने मांडून तो कुठे राहू शकेल, हे ताई शोधत होत्या. आज हे संगणक करतो. तेव्हा दत्तूभियांची पेन्सिल करीत असे.

पहिला नकाशा चुकला. सगळे खरमोर डांबरी रस्त्यालगत राहतात, असे त्यातून निघाले. दत्तूभिया म्हणाले, "पंछी आहे का बस कंडक्टर?" ताई कॉलेजात शिकवून झाल्यावर सांवेरच्या बसने जात, नोंदीही बसच्या वाटेवरच्याच होत्या. ताईंनी तो नकाशा रद्द केला, दोन पावसाळे आडवाटांनी पायी हिंडल्या आणि नवा केला. तो छापताना कॉलेजात कुरकुर झाली, मिलचा माणूस लेखक कसा? "रेघा त्यांच्या आहेत," ताई म्हणाल्या आणि दत्तूभियांचे नाव शेजारी राहिले.

त्या नकाशात सांवेरपलीकडचा एक माळ ठळक उमटला होता. नेमका तोच 'बंजर', म्हणजे नापीक, ठरवून एका सरकारी खात्याला कारखान्यांना द्यायचा होता. बैठकीत खात्याच्या साहेबांनी विचारले, "आपने वहाँ पंछी देखा?"

"तुम्ही माळाभोवती तार लावलीत. आत सोडता का?" ताईंनी उलट विचारले.

पद्धत नीट कळावी म्हणून ताईंनी पहिल्या नकाशाची चूक स्वतःहून सांगितली. इतिवृत्तात तेवढेच आले: तज्ज्ञांनी चूक मान्य केली. माळ गेला. प्रामाणिकपणाचा कबुलीजबाब करून टाकणाऱ्या त्या ओळीचा मला आजही संताप येतो. ज्या हिशेबाने मिलमधली माणसे निरुपयोगी ठरली, त्याच हिशेबाने गवतही ठरले. आणि कारखाने? तिथे आज खुणेच्या दगडांच्या रांगा आहेत, बाकी काही नाही.

आता शेजारच्या, उरलेल्या माळाची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त त्याच खात्याने या गौरवग्रंथासाठी शुभेच्छापत्र पाठवले आहे. त्यात ताईंना 'या विषयातील अधिकारी व्यक्ती' म्हटले आहे. मी ते रागारागाने त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी दोनदा वाचले.

"सही-शिक्का आहे ना? सुनावणीच्या फाइलीला जोडा."

जोडले आहे. ताईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे आणि डोळे शाबूत राहोत. आणि सुनावणीच्या दिवशी त्यांच्या बाजूची एकही खुर्ची रिकामी नसावी. ते मात्र देवाकडे मागायचे नाही, आपण करायचे आहे.