तणसात ठेवलेलं जहाज

ओमेश गेला तेव्हा त्याने कोरलेलं जहाज पाण्यात बुडालेलं होतं.

घरामागच्या डबक्यात, गुडघाभर पाण्याखाली, पोटात चार दगड. ओमेशच्या दहाव्याला त्याचा मित्र वीरेंद्र दवनीवाड्याहून नवेगाव बांधला आला होता. हात धुवायला मागे गेला आणि त्याला ते दिसलं. पोरगा गेला आणि त्याचं काम कुणी उचलूनही ठेवलं नाही, असं त्याला वाटलं. त्याने पँट वर दुमडली, पाण्यात उतरला, दगड काढले आणि जहाज बाहेर ओढलं.

ओमेशची आई, सुमित्राबाई, दारात उभी होती.

"घेऊन जा बाबू," ती म्हणाली. "मले पाहवत नाही."

ओमेशचे वडील बकाराम तलावाकडे गेले होते. त्यांना कुणी विचारलं नाही.

बकाराम डोंगे कोरायचे. डोंगा म्हणजे एकाच खोडातून काढलेली नाव. त्यात ना फळी, ना जोड. तसली खोडं आता मिळत नाहीत, आणि मिळाली तरी तोडू देत नाहीत. त्यांचा स्वतःचा एक डोंगा तेवढा उरला होता. त्यातून ते मासे धरत. ओमेशला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. गार पाण्यात पाय पडला की हाडांत कळा उठत. दहा वर्षांचा असताना असाच एकदा तो डोंग्यातच वेदनेने लोळला. त्या दिवसापासून बकारामने त्याला पाण्यावर नेलं नाही. ढिवराचं, मासे धरणाऱ्याचं पोर काठावर बसून जाळी विणायचं. गावातली पोरं त्याला 'कोरड्या' म्हणायची. तोही 'ओ' द्यायचा.

गोंदियाच्या होस्टेलात तो आणि वीरेंद्र एका खोलीत राहिले. वीरेंद्र मराठी घेऊन शिकत होता, ओमेश स्पर्धा परीक्षेची गाइडं पाठ करायचा. अशाच एका गाइडात त्याला एक ओळ सापडली. पाच एप्रिल एकोणीसशे एकोणीस, 'लॉयल्टी' नावाचं जहाज मुंबईहून लंडनला निघालं. देशी कंपनीचं जहाज. त्याने कुठून कुठून त्याचे फोटो गोळा केले. तीन डोलकाठ्या, दोन धुराडी, साडेचारशे फुटांवर लांबी. ओमेशने समुद्र कधी पाहिला नव्हता.

"टायटॅनिक बनव ना बे," वीरेंद्र म्हणाला होता. "लोकं ओळखतील तरी."

"ते बुडलं."

"आणि हे?"

"हे मुंबईलेच तोडलं. म्हातारं झाल्यावर." ओमेशने फोटोवर बोट ठेवलं. "असं पाहिजे. बुडणं काय, कोणाले बी येते."

शंभरास एक या मापाने जहाज साडेचार फुटांचं होणार होतं. वाऱ्याने पडलेल्या एका सावरीचं खोड त्याने मिळवलं आणि ते बापासारखंच कोरायला घेतलं. वरचे मजले बांबूच्या कमच्यांचे, कठडे मासे धरायच्या नायलॉनचे, धुराडी बांबूच्या पेरांची. फोटो काळा-पांढरा होता, धुराड्यांचा रंग कळत नव्हता. त्याने बांबू तसाच पिवळा ठेवला. चार वर्षं लागली. कळा आल्या की महिना-महिना काम बंद राही. वीरेंद्र यायचा तेव्हा जहाज खाटेवर असायचं आणि ओमेश त्याच्या पोटात वाकस, लाकूड पोखरायचं हत्यार, चालवत असायचा.

बकाराम येता-जाता बघत. एकदाच बोलले.

"खेळणं आहे. पाण्यात सरळ उभं राहीन तं नाव म्हणू."

ते ओमेशच्या मनात रुतून बसलं. पाच एप्रिलला बापासमोर जहाज पाण्यात सोडायचं, त्याने ठरवलं. डिसेंबरच्या शेवटी, बाप बाजाराला गेलेला पाहून, तो जहाज घेऊन तलावात उतरला. नुसतं बघायला. चौथ्या दिवशी तो गोंदियाच्या दवाखान्यात होता.

तिथून त्याने वीरेंद्रला फोन केला. आवाज बारीक झाला होता.

"डावीकडं झुकते बे. थोडंसंच."

"तू पाण्यात काऊन उतरला?"

"ऐक ना. मले नाही जमलं तं पाच एप्रिलले तू सोड. बाबाच्या समोर."

"तूच सोडशील."

"हो म्हण ना साल्या."

वीरेंद्र हो म्हणाला. दोन दिवसांनी ओमेश गेला. वय एकोणतीस.

म्हणून वीरेंद्रने जहाज टेम्पोत घालून दवनीवाड्याला आणलं. त्याचं घर धानाच्या शेतीवरचं. त्या घरात जपायचं म्हणजे ओलीपासून जपायचं. बियाण्याचं धान ऊन दाखवून, तणसात, म्हणजे धानाच्या पेंढ्यात गुंडाळून, माळ्यावर कोरड्यात. लहानपणापासून त्याने हेच पाहिलं होतं. त्याने जहाज आठ दिवस अंगणात उन्हात वाळवलं. भोवती तणस लपेटलं, सुतळीने बांधलं आणि माळ्यावर ठेवलं. धुराडी, डोलकाठ्या खोक्यात. आई म्हणाली, "लेकरासारखं ठेवलं रे." त्याला बरं वाटलं.

चार एप्रिलला त्याने तणस सोडलं. जहाज पुढून मागून उललं होतं. पुढची भेग एवढी होती की तिच्यातून हाताची दोन बोटं आत गेली.

त्याने तणस पुन्हा भोवती लपेटलं.

दुसऱ्या दिवशी तो नवेगावला गेला. तणसासकट जहाज तलावाच्या काठी बकारामसमोर ठेवलं. ओमेशने काय सांगितलं होतं, तेही सांगितलं. बकाराम खाली बसले. भेगेवरून अंगठा फिरवला.

"कुठं ठेवलं होतं?"

"माळ्यावर. तणसात."

"पाण्यातून काढलं?"

"बुडलं होतं काकाजी. मला वाटलं सडेल."

"बुडलं नव्हतं. बुडवलं होतं." बकारामने समोर हात केला. काठाजवळ, पाण्याखाली, त्यांचा स्वतःचा डोंगा दगड भरून निजवलेला होता. "काम नसलं की असाच ठेवतो. नाही तं ऊन त्याले फाडते. ओम्या रोज संध्याकाळी बुडवे. दवाखान्यात गेला, तवापासून मीच त्याच्यावर ध्यान ठेवून होतो."

वीरेंद्रने भेगेत अडकलेली तणसाची काडी काढली.

"तू धानवाल्याचा पोरगा," बकाराम म्हणाले. "तुले कोण सांगन."

रागावले असते तर सोपं गेलं असतं.

त्यांनी जहाज पाण्यात नेलं, त्यात दगड ठेवले, खाली जाऊ दिलं.

"आठ दिवस लागते. मंग ये."

"पण पाच तारीख आज आहे."

"लाकडाले सांग."

आठ दिवसांनी वीरेंद्र आला तेव्हा लाकूड फुगून मागची भेग मिटली होती. पुढची बोटभर उरली. बकारामने ती डांबराने भरली. मग दोघांनी धुराडी बसवली, काठ्या उभ्या केल्या. कमरेएवढ्या पाण्यात बकारामने जहाजावरचा हात काढला.

ते तरंगलं. आणि डावीकडे झुकलं.

बकारामने मधला मजला उचलला, हात आत घातला आणि डोळे मिटून चाचपत राहिले. बराच वेळ.

"इथं जाड राहिलं," ते म्हणाले. "इकडच्या बाजूले. वाकसाचे घाव पाह. आधी खोल आहेत, मंग उथळ, मंग नुसते ओरखडे." ते थांबले. "इथं हात चालत नव्हता त्याचा."

वीरेंद्रनेही हात घातला. ओरखडे बोटांना लागले. या चार वर्षांत त्याने जहाजाचे किती फोटो काढले होते. आत हात कधी घातला नव्हता.

"छिलून टाकलं तर सरळ होईल ना?"

"होते. एका घंट्याचं काम."

"मग?"

बकारामने मधला मजला परत जागेवर बसवला. जहाज वाकड्या अंगाने हलत राहिलं. मग त्यांनी धुराडी काढली, काठ्या काढल्या, सगळं वीरेंद्रच्या हातात दिलं. जहाज ओढत ते काठाजवळ, आपल्या डोंग्यापाशी घेऊन गेले. डोंगा थोडा सरकवून जागा केली. एकेक दगड ठेवत जहाज त्याच्या शेजारी खाली निजवलं.

काठावर आठ दिवसांपूर्वीचं तणस पडलं होतं. निम्मं गाईंनी खाल्लं होतं. उरलेलं वीरेंद्रने गोळा केलं. ते कशाला घेतोय, हे त्याला कळत नव्हतं.