परसातला एकच गड्डा

बायकोच्या गालाचं ऑपरेशन झालं, मग संभाजीनगरला महिनाभर रेडिएशनचे शेक झाले आणि तिच्या तोंडाची चव गेली. वरण दिलं तरी माती, दूध दिलं तरी माती, पेज दिली तरी माती. काय देऊ म्हटलं की तोंड फिरवायची. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं आणि जीभ सोलून निघाल्यासारखी लाल. दिवाळीनंतर घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं की महाशिवरात्रीनंतर दाखवायला या, तोवर वजन आणखी उतरलं तर नाकातून नळी टाकावी लागेल. ऑपरेशननंतर ती नळी तिनं काही दिवस सोसली होती. तीर्थपुरीला परतताना गाडीत ती एवढंच बोलली.

"आता नळी न्हाई. काही झालं तरी न्हाई."

ती बोललेलं मागं घेत नाही. मला त्या दिवसापासून भीती वाटायला लागली, आणि भीती वाटली की मी चिडतो.

शेक चालू होते तेव्हा आम्ही लेकीकडे राहायचो. तिथं एकदा लेकीनं मऊ पानांचा एक हिरवा गड्डा आणला. बटरहेड लेट्यूस म्हणे. त्याचं आतलं पिवळसर पान बायकोनं जिभेवर ठेवलं. चव लागली नाही, पण ते टोचलं नाही, झोंबलं नाही, आपसूक उतरलं. तिनं चार पानं खाल्ली. महिन्यात पहिल्यांदा तिनं एखादी गोष्ट मागून घेतली. आमच्या बाजारात हा गड्डा कुठून मिळणार? निघताना लेकीनं बियांचं पाकीट दिलं आणि काय काय करायचं ते सांगायला लागली. मी तिला गप्प केलं. चाळीस वर्षं कापूस आणि हरभरा काढलेल्या माणसाला पाला लावायला कोण शिकवतं?

न्हाणीमागच्या वाफ्यात बारा रोपं धरली. बायको रोज सकाळी भिंतीला धरून परसात यायची, रोपांकडं बघायची आणि परत जाऊन पडायची. बाहेरची पानं दिली तर ती घशाला खरखरीत लागायची. गड्डा बांधला की आतलं खाईन, असं तिनं खुणेनं सांगितलं होतं. म्हणून मी वाट बघत होतो. पेज अर्ध्या वाटीवर आली होती. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

संक्रांतीच्या आधी शेतात हरभऱ्याचे शेंडे खुडायला आले. शेंडा खुडला की झाड फुटवे धरतं, पसरतं, घाटे जास्त लागतात. आमच्याकडं हे पोराटोरांनाही माहीत असतं. दिवसभर खुडून संध्याकाळी घरी आलो, परसात गेलो. लेट्यूसची मधली पानं एकमेकांवर वळायला लागली होती. मला वाटलं, हाही पालाच की. शेंडा मारला तर दुप्पट पानं येतील. आणि त्याच हातानं, त्याच चिमटीनं, अकरा रोपांचा मधला भाग मी खुडून टाकला. भिंतीआडचं बारावं रोप बारकं होतं, म्हणून त्याला सोडलं. स्वतःवर खूश होऊन मी लेकीला व्हिडिओ कॉल लावला.

तिनं फोन रोपांजवळ न्यायला लावला. मग म्हणाली, "आबा, मधला गाभा कुठं गेला? गड्डा तोच बांधतो ना."

फोन कधी ठेवला ते आठवत नाही.

सकाळी बायको परसात आली तेव्हा मी खोटं बोललो. चिमण्यांनी खाल्लं म्हणालो. ती वाकली, एका रोपाचा तुटलेला शेंडा बोटानं चाचपला. तिनंही सारा जन्म हरभरा खुडलेला.

"चिमण्या नखानं खुडत न्हाईत," ती म्हणाली. तिला एक वाक्य बोलायलाही त्रास होत होता, तरी बोलली. मी मान खाली घालून चूक कबूल केली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती भिंतीआडच्या त्या एका वाचलेल्या रोपाकडं बघत उभी राहिली.

त्यानंतर माझा जीव त्या रोपात अडकला. खुडलेल्या रोपांना बाजूनं बारीक फुटवे आले. ते कुस्करून दिले तर तिनं जिभेवर ठेवून तसेच काढून टाकले. माती. बारावं रोप हळूहळू वाढत होतं. शेजारची शेळी यायची म्हणून मी भोवती काट्या रोवल्या. फेब्रुवारीत ऊन एकाएकी वाढलं तेव्हा बायकोचं जुनं लुगडं त्यावर ताणलं, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. गड्डा बांधला, मुठीपेक्षा जरा मोठा. मी म्हणत होतो, अजून आठ दिवस. शिवरात्र चार दिवसांवर आली आणि एका सकाळी तो मधूनच वर उचललेला दिसला. कोथिंबीर फुलावर यायला लागली की जशी ताठ होते, तसा. लेक फोनवर म्हणाली की उन्हानं झालं, आजच काढा, आता कडू होत जाणार.

विळ्यानं देठ कापला तर दुधासारखा चीक आला. बाहेरचं पान चावून बघितलं, कारल्यासारखं कडू. मी स्वतःला शिव्या घातल्या. आतली पानं माठाच्या पाण्यात तीनदा धुतली आणि ताटलीत ठेवून तिच्यापुढं नेली. दुसरं काही नव्हतंच माझ्याकडं.

तिनं पान दुमडून तोंडात सारलं. एका बाजूनं हळूहळू चावलं. कपाळाला आठ्या पडल्या.

"कडू हाय," ती म्हणाली.

मी ताटली उचलायला गेलो. चुकलंच म्हणालो, राहू दे, थुंकून टाक. तिनं ताटलीची कड पकडली. हातात एवढा जोर मी कित्येक दिवसांत बघितला नव्हता.

"आवो, कडू लागून राह्यलं," ती परत म्हणाली, आणि माझ्याकडं बघत राहिली.

तेव्हा मला कळलं. चार महिन्यांत ती पहिल्यांदाच माती म्हणाली नव्हती.

मी भिंतीकडं तोंड करून रडलो. मागं ती दुसरं पान चावत होती.